रक्तगट, गुठळी आणि हृदयविकार

इंदूरच्या एका रुग्णालयात मे २०२४ मध्ये एका तरुण स्त्रीस तातडीने रक्ताची गरज पडली. तिचा रक्तगट ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जाणारा, भारतात सुमारे दहा हजारांत एखाद्यासच असणारा होता. तिच्यासाठी शिर्डीहून एक रक्तदाते मोटारीने सुमारे ४४० किलोमीटरचा प्रवास करून आले. हा गट मुंबईत डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली प्रथम उजेडात आणला. त्यावरूनच त्यास त्या शहराचे नाव मिळाले.

रक्तगटाची आठवण सामान्यतः अशा देण्याघेण्याच्या प्रसंगीच होते. परंतु तो ठरविणाऱ्या जनुकाचे कार्य तेवढ्यावरच संपत नाही. रक्त किती सहजतेने गोठावे यावरही त्याचा प्रभाव पडतो, आणि त्या वाटेने रोहिण्यांच्या विकाराशी त्याचा संबंध येतो.

हृदयविकाराचा झटका अचानक आल्यासारखा वाटला तरी त्याची पूर्वतयारी पुष्कळ वर्षे चाललेली असते. रोहिणीच्या आतील अस्तराखाली चरबीयुक्त द्रव्याचा थर हळूहळू साचतो. एके दिवशी त्या थरावरील पातळ पापुद्रा फाटतो. शरीरास ती जखमच वाटते. रक्तातील बिंबिका तेथे धावून येतात, एकमेकींस चिकटतात, आणि काही मिनिटांत गुठळी होऊन वाट बंद होते. बोट कापले असता जी गुठळी प्राणांचे रक्षण करते, तीच हृदयाच्या रोहिणीत धरली तर प्राणांवर बेतते.

बिंबिकांना फाटलेल्या भिंतीशी चिकटविणारे एक द्रव्य रक्तात असते. १९२६ साली एका आनुवंशिक रक्तस्रावी विकाराचे वर्णन करणारे फिनलंडमधील डॉक्टर फॉन विलेब्रांट यांचे नाव त्यास दिलेले आहे. रक्तगटाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. ‘ए’ आणि ‘बी’ गटांत ते तांबड्या पेशींवर विशिष्ट शर्करेची खूण बसविते, आणि तशीच खूण या चिकटविणाऱ्या द्रव्यावरही बसते. ‘ओ’ गटात हे जनुक निष्क्रिय असल्यामुळे ती खूण बसत नाही. मग ते द्रव्य रक्तातून अधिक लवकर नाहीसे होते. परिणामी ‘ओ’ गटाच्या व्यक्तींत त्याचे प्रमाण इतरांपेक्षा सरासरीने सुमारे एकचतुर्थांश कमी आढळते. ‘बॉम्बे’ गटात तर या खुणांचा पायाच नसतो. तेथे हे प्रमाण त्याहूनही खाली जाते.

याचा परिणाम किती? अमेरिकेतील सुमारे नव्वद हजार स्त्रीपुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ‘ओ’ गटाच्या तुलनेने हृदयरोहिणीच्या विकाराचा धोका ‘ए’ गटात ५, ‘बी’ गटात ११ आणि ‘एबी’ गटात २३ टक्क्यांनी अधिक दिसला. या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, तसेच निश्चिंत होण्याचेही नाही. अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्यावर सकाळी फिरावयास निघालेल्या दहा जणांत तीनचार जण ‘ओ’ गटाचे असावयाचे. परंतु त्यांपैकी कोणी विडी ओढीत असेल, तर रक्तगटाने दिलेली सवलत त्याने केव्हाच खर्चून टाकलेली असते.

गोठण्याशी निगडित इतर जनुकांचीही गोष्ट बहुतांशी अशीच आहे. १९९४ साली हॉलंडमधील लायडेन येथे पाचव्या गोठणघटकातील एक दोष ओळखला गेला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो, भारतीयांत विरळ. त्यामुळे गुठळ्या होतात त्या मुख्यतः पायांच्या नीलांमध्ये. नीलांत रक्त संथ वाहते, तेथे गोठणघटकांचे प्राबल्य असते. रोहिणीत प्रवाह वेगवान असतो. तेथे आधी भिंत बिघडावी लागते, आणि ती बिघडविण्याचे काम तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह व रक्तातील मेद ही मंडळी करतात. जनुक दारूगोळा पुरवील, परंतु ठिणगी बहुधा याच मंडळींची असते.

यास्तव वडिलांस किंवा भावास पंचावन्न वर्षांच्या आत, अथवा आईस किंवा बहिणीस पासष्टच्या आत हृदयविकार झाला असल्यास, त्या घरातील इतरांनी नशिबाला बोल लावीत बसू नये. रक्तदाब, साखर आणि मेद यांची तपासणी तरुणपणीच करून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू करू नयेत. आणि छातीत दडपल्यासारखी कळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. रोहिणी जितकी लवकर मोकळी होईल तितके हृदयाचे स्नायू अधिक वाचतात. रक्तगट जन्माबरोबर येतो, तो बदलता येत नाही; रोहिणीची भिंत सांभाळणे मात्र पुष्कळसे माणसाच्या हाती आहे.