मल्लय्याचा डोंगर

हैदराबादहून श्रीशैलमला निघालेल्या प्रवाशाला घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. रात्री नऊला मन्ननूरच्या वननाक्यावरचे फाटक पडते, ते सकाळी सहाशिवाय उघडत नाही. मार्कापूर-दोर्नाळच्या बाजूने येणाऱ्यांनाही हाच नियम. पुढचा सगळा घाटरस्ता नल्लमलाच्या डोंगररांगेतून, वाघ-बिबट्यांच्या राज्यातून जातो. १९८३ मध्ये इथे व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला, तेव्हा त्याचा विस्तार साडेतीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठा होता. राज्याच्या विभाजनानंतर तेलंगणातला भाग अमराबाद या नावाने वेगळा झाला. देवाचे गाव आंध्र प्रदेशात राहिले, आज ते नंद्याल जिल्ह्यात येते.

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेला मल्लिकार्जुन आणि शक्तिपीठ मानली गेलेली भ्रमरांबा इथे एकाच कोटाच्या आत नांदतात. एवढ्यासाठीच बहुतेक यात्रेकरू येतात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या आत घाट उतरतात. पण या गावाची खरी ओळख पटवून घ्यायची असेल तर एक प्रश्न विचारावा लागतो: हा देव कोणाचा कोण लागतो?

चेंचू म्हणतील, तो आमचा जावई. नल्लमलात पिढ्यान् पिढ्या शिकार करून, मध आणि कंदमुळे गोळा करून जगलेला हा आदिवासी समाज. त्यांची कथा अशी की शिव शिकारीच्या निमित्ताने रानात आला, एका चेंचू मुलीवर त्याचे मन बसले आणि त्याने तिच्याशी लग्न केले. म्हणून तो चेंचू मल्लय्या. खंडोबाने धनगरांच्या बाणाईशी लग्न केल्याची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे नाते समजावून सांगावे लागत नाही.

कन्नड भाविक देवीकडून नाते सांगतात. भ्रमरांबा ही त्यांच्या घरची लेक. उगादीला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याला, उत्तर कर्नाटकातून हजारो माणसे शेकडो किलोमीटर चालत श्रीशैलमला येतात आणि माहेरच्यांनी आणावी तशी देवीसाठी साडी-चोळी, हळद-कुंकू आणतात. वाट आत्मकूरहून नागलूटी, भीमुनी कोलनू, कैलासद्वार अशी ऐन जंगलातून येते. या वाटेवरच्या चढणींना चौदाव्या शतकात रेड्डी राजांनी पायऱ्या बांधल्या. काही जण लाकडी काठ्यांच्या उंच पावलांवर तोल सावरत हा डोंगर चढतात.

महाशिवरात्रीची रात्र मात्र विणकराची. देवाच्या लग्नाआधी नवरदेवाला पागोटे बांधायचे असते आणि तो मान विणकरांचा आहे. त्यासाठीचे लांबलचक वस्त्र घरी मागावर, व्रतस्थ राहून, रोज एक हात असे वर्षभर विणले जाते. त्या रात्री मंदिरातले सगळे दिवे मालवतात. विणकर संपूर्ण विवस्त्र होऊन अंधारात मंदिरावर चढतो आणि शिखरापासून समोरच्या नंदीमंडपापर्यंत ते वस्त्र गुंडाळतो. ते बांधून झाले की मगच दिवे लागतात आणि पुढे कल्याणोत्सव सुरू होतो. एरवी पूजेचा अधिकार कोणाचा, मंत्र कोणी म्हणायचे हे ठरलेले असते. या एका रात्री मात्र सगळे क्षेत्र मागावर बसणाऱ्या एका माणसाची वाट पाहते.

मराठी मुलखाचे नातेही असेच जुने आहे. बाराव्या शतकात सोन्नलगी, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धराम नावाचा मुलगा गुरे राखत होता. कथा सांगते की, जंगमाच्या रूपात आलेल्या मल्लय्याने त्याच्याकडे दहीभात मागितला. मुलगा घरून भात घेऊन धावत आला, तर पाहुणा नाहीसा झालेला. त्याला शोधत सिद्धराम यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलमला पोहोचला. तिथे देवाने त्याला दर्शन देऊन गावी परत पाठवले. सोलापूरच्या पंचक्रोशीत त्याने अडुसष्ट लिंगे स्थापन केली आणि तळे खोदवले. संक्रांतीला नंदीध्वज मिरवत निघणारी सिद्धेश्वराची यात्रा पाहणाऱ्या प्रत्येकाने श्रीशैलमचा धागा नकळत हाती धरलेला असतो.

दत्तभक्तांसाठी हे गुरूच्या अखेरच्या प्रवासाचे ठिकाण. विदर्भातल्या कारंज्यात जन्मलेले नृसिंह सरस्वती गाणगापूर सोडून इथे आले आणि पाताळगंगेतून, म्हणजे इथल्या कृष्णेतून, पुष्पासनावर बसून कर्दळीवनाकडे गेले, असे ‘गुरुचरित्र’ सांगते. अक्कलकोटचे स्वामी समर्थ याच वनातून प्रकटले, अशीही श्रद्धा आहे. आजही मराठी भाविकांचे गट पाताळगंगेवरून लाँचने निघतात आणि पुढे जंगलाची अवघड चढण पायी चढतात. याच परिसरात अक्कमहादेवीची गुहा आहे. बाराव्या शतकातल्या या शरण कवयित्रीने आपल्या वचनांमधून ज्याला आळवले, तो चेन्नमल्लिकार्जुन म्हणजे हाच देव.

१६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत, शिवाजी महाराज कुतुबशहाची भेट आटोपून इथे आले. या जागेने ते इतके भारावले की आपले मस्तक देवीला वाहायला निघाले, असे सभासदाच्या बखरीत आहे. मंदिराचे उत्तरेकडचे गोपूर त्यांनी बांधवले असे परंपरा मानते. गावात त्यांच्या नावाचे स्फूर्तिकेंद्रही उभे आहे.

संबंध याहूनही मागे नेता येतो. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. सातवाहन राजाच्या सत्तेखालच्या पर्वतांच्या यादीत तिथे सह्याद्रीबरोबर ‘सिरितन’ हे नाव येते आणि अनेक अभ्यासक ते श्रीपर्वताचे, म्हणजे श्रीशैलमचे मानतात. रा. चिं. ढेरे यांनी तर ‘श्रीपर्वताच्या छायेत’ हा ग्रंथच लिहिला.

आज दिसणाऱ्या मंदिरावर मोठी छाप विजयनगरची आहे. मुखमंडप दुसऱ्या हरिहराच्या काळातला, तर रथवीथीतले मंडप कृष्णदेवरायाचे. मात्र या क्षेत्रातली सर्वांत देखणी गोष्ट रांगेत उभे राहून दिसतच नाही. मंदिराभोवतीच्या किल्ल्यासारख्या दगडी कोटाच्या बाहेरच्या अंगावर ओळीने शिल्पपट कोरले आहेत: हत्ती, घोडे, शिकारीचे प्रसंग, योगी, शिवकथा, किरात आणि अर्जुनाचे युद्ध. सकाळच्या उन्हात या कोटाला एक सावकाश फेरी मारली की देवळाच्या आत जेवढे मिळते तेवढेच बाहेरही मिळते.

खाली दरीत कृष्णा आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे खोल घळीतून वाहते आणि इथे तिला पाताळगंगा म्हणतात. शेकडो पायऱ्या उतरून किंवा रोपवेने तिथे जाता येते. श्रीशैलमचे धरण १९८१ मध्ये पूर्ण झाले. १४५ मीटर उंच, बारा दरवाजांचे हे धरण आंध्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांना वीज आणि पाणी देते, पण त्याची किंमतही मोठी होती. वरच्या अंगाची कितीतरी गावे बुडाली, माणसे उठली. कुडवेल्लीचे चालुक्यकालीन संगमेश्वर मंदिर दगड-दगड सोडवून आलमपूरला हलवण्यात आले. सप्तनदी संगमावरचे संगमेश्वर मात्र जागेवरच राहिले. वर्षातला बराच काळ ते पाण्याखाली असते. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की देऊळ वर येते आणि तेवढ्या दिवसांत तिथे पूजा होते.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी दोन मुक्काम हवेत. हैदराबादहून अंतर सुमारे २१० किलोमीटर आहे, जवळचे रेल्वे स्थानक मार्कापूर रोड. शिवरात्र, उगादी आणि कार्तिक महिन्यात गर्दी प्रचंड असते. शांतपणे पाहायचे तर पावसाळा संपता संपता यावे, तेव्हा नल्लमला हिरवा असतो आणि जलाशय भरलेला. गावाच्या अलीकडे शिखरेश्वर हे डोंगरावरचे सर्वांत उंच ठिकाण आहे. तिथे तीळ वाहून, नंदीच्या शिंगांमधून मंदिराचे शिखर पाहिले तर पुनर्जन्म नाही, अशी श्रद्धा. वाटेवरच साक्षी गणपती आहे. त्याच्या हातात लेखणी आणि वही, आणि श्रीशैलमला कोण येऊन गेले याची नोंद तो ठेवतो असे मानतात. कर्दळीवनाला जायचे असेल तर वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. तो अनेकदा चेंचूच असतो, आणि आपल्या जावयाच्या गोष्टी त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात.