तापचित्रण, प्राण्यांचे
प्राण्याला स्पर्श न करता त्याच्या शरीरपृष्ठाचे तापमान मोजण्याची पद्धत. शरीरातून सतत बाहेर पडणारे अवरक्त प्रारण (तरंगलांबी सु. ८ ते १४ मायक्रॉन) विशेष कॅमेऱ्याने टिपून त्यावरून तापमानदर्शक चित्र तयार करतात.

प्रयोगशाळेतील उंदराच्या गुदद्वारात तापमापक घालण्यासाठी त्याला धरावे लागते. या भीतीनेच त्याचे तापमान काही मिनिटांत सु. १° से. वाढू शकते; म्हणजे मापनामुळेच मापनाचा विषय बदलतो. दुरून घेतलेल्या तापचित्रात हा दोष बव्हंशी टळतो. मात्र त्यात दिसते ते पृष्ठाचे तापमान, शरीरांतर्गत नव्हे. रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यास शेपूट थंड दिसते; दाट केस आतील उष्णता झाकतात. त्यामुळे केसविरहित नेत्रभागाचे मापन सामान्यतः अधिक उपयुक्त ठरते.

मोठ्या जनावरांच्या बाबतीत केसांचा रंगही महत्त्वाचा असतो. नांदेड जिल्ह्यातील कंधारवरून नाव पडलेली लाल कंधारी गुरे एकरंगी असतात. लातूर जिल्ह्यातील देवणी जातीच्या शेवरा प्रकारात मात्र पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असतात. उन्हात काळा भाग अधिक तापतो व आतील तापमान एकच असूनही चित्रात दोन तापमाने उमटतात. यासाठी जनावर काही काळ सावलीत ठेवून, अंग कोरडे असताना चित्र घेणे आवश्यक असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से.च्या वर गेल्यास तापलेल्या पत्र्याचे व भिंतींचे प्रारणही मापनात मिसळते. अशा वेळी पहाटेची चित्रे घेणे श्रेयस्कर.