कॉर्नरची एक फ्रेम

मेट्रिका स्पोर्ट्स या कंपनीने फुटबॉलच्या तीन सामन्यांचा डेटा सगळ्यांसाठी खुला केला आहे. त्यात ना खेळाडूंची नावं, ना संघांची. कोण कुठे होता याची सेकंदाला 25 वेळा केलेली नोंद मात्र आहे. सुट्टीच्या दिवशी मी त्यातले कॉर्नर काढून बसतो. खेळ थांबलेला, चेंडू कुठून येणार ते ठरलेलं आणि दोन्ही संघांनी आपापली माणसं विचार करून उभी केलेली. डावपेच शिकवायला न्यूरल नेटवर्कला याहून सोपा धडा मिळणार नाही.

पहिलं काम कंटाळवाणं, पण सगळं त्यावरच उभं. लाथ नेमकी कोणत्या फ्रेमला बसली? घटनांच्या यादीत आकडा असतो, तो मी तसाच धरत नाही. चेंडू बाहेर असताना त्याचे रकाने रिकामे असतात; ते भरू लागले की एकेक फ्रेम पुढे सरकायचं. चेंडू हलला की थांबायचं. पाच फ्रेम उशीर झाला, तरी जवळच्या खांबाकडे धावणारा मीटरभर पुढे पोचलेला असतो. मग मॉडेलला जे ओळखायला सांगायचं, तेच आपण आधी दाखवून बसतो.

त्यानंतर ग्राफ. 22 खेळाडू म्हणजे 22 बिंदू, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जोडलेला. प्रत्येकाची जागा, वेग, दिशा आणि संघ एवढं भरलं, की पहिला स्पर्श कोणाचा होईल याची शक्यता नेटवर्क सांगतं. अमुक एक जण मोकळा आहे का, एवढ्यावर ते थांबत नाही; त्याला कोणामुळे मोकळीक मिळाली आहे, हेही त्या जोडण्यांतून हिशेबात येतं. म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते.

पण तीन सामन्यांत कॉर्नर असे असतात किती! एवढ्यावर नेटवर्क शिकत नाही, पाठांतर करतं. गूगल डीपमाइंडने लिव्हरपूल क्लबबरोबर केलेल्या ‘टॅक्टिकएआय’ या प्रणालीकडे प्रीमियर लीगचे 7,176 कॉर्नर होते, आणि तरीही त्यांनी मैदानाच्या सममितीचा आधार घेतला. उजवीकडचा कॉर्नर आरशात पाहिला की डावीकडचा होतो. आडव्या-उभ्या उलटापालटीने एकाच प्रसंगाची चार रूपं मिळतात. मीही तेच करतो, एका शंकेसह. आरशात कॉर्नर घेणाऱ्याचा पायही बदलतो. उजव्या पायाचा, गोलकडे वळणारा चेंडू तसाच वळायचा तर पलीकडून डावखुराच लागतो, आणि माझ्या डेटात पायाची नोंद नाही.

खरी गंमत यानंतर. जवळच्या खांबापाशी उभ्या बचावपटूला मी दोन पावलं मागे सरकवतो आणि पुन्हा विचारतो. कधी काहीच हलत नाही. कधी दूरच्या खांबाकडच्या, त्याच्याशी काही संबंध नसावा अशा खेळाडूची शक्यता एकदम वाढते. मग खेळ पुन्हा चालवून तसं का झालं ते शोधायचं. टॅक्टिकएआयने अशाच सुचवलेल्या बदलांना लिव्हरपूलच्या पाच तज्ज्ञांनी 90 टक्के वेळा प्रत्यक्षातल्या रचनेपेक्षा पसंती दिली, असं मार्च 2024 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

तरीही 7 मे 2019 चा लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवरचा कॉर्नर माझं मॉडेल ओळखू शकणार नाही. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने चेंडू झटकन मारला, बार्सिलोनाच्या बचावफळीचं लक्षच नव्हतं, आणि दिवोक ओरिगीने लिव्हरपूलचा चौथा गोल केला. कोण कुठे उभा आहे हे डेटात असतं. कोण कुठे बघतोय हे नसतं. नजरेची नोंद येत नाही तोवर या आकड्यांच्या शेजारी सामन्याचा व्हिडिओ चालू ठेवावाच लागेल.

पायथन येत असेल, तर एका कॉर्नरपासून सुरुवात करा. मात्र मॉडेलला विचारण्याआधी तुमचं उत्तर कागदावर लिहून ठेवा.