शाहूंचा अर्धा वारसा

लातूरच्या कुस्तीचा इतिहास लिहायला घेतला, तर गावं लातूरची आणि पत्ते कोल्हापूर-पुण्याचे निघतात. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार घडले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. १९६९ला ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७०च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८२ किलो गटाचं सुवर्ण जिंकलं. पुढे ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांचे शिष्य, अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार, लातूर तालुक्यातले. पण त्यांचा आखाडा कात्रजला. बिराजदार मामांच्या आणि काका पवारांच्या हाताखाली तयार झालेल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणलं. अस्सल मराठवाड्याची ही परंपरा मराठवाड्यात फक्त जन्म घेते.

आता योगायोग पाहा. बिराजदारांनी एडिंबरो गाजवलं त्याच १९७० साली लातुरात राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झालं. अभ्यासाच्या ज्या ‘लातूर पॅटर्न’साठी आज राज्यभरातून पोरं वळकटी घेऊन येतात, त्यात या महाविद्यालयाचा वाटा मोठा. पण ज्यांचं नाव पाटीवर आहे त्या शाहू महाराजांनी एका हाताने वसतिगृहं उभारली आणि दुसऱ्या हाताने तालमी पोसल्या, खासबागेचं मैदान बांधलं. लातूरने त्यांचं वसतिगृह घेतलं, आखाडा कोल्हापुरातच राहू दिला. महाविद्यालयाने पैलवान सांभाळणं ही परकी कल्पना आहे, असंही नाही. खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते.

अमेरिकेत हे काम प्राचार्यांच्या घरावर सोडलेलं नाही. तिथे मैदान, प्रशिक्षक, जेवण आणि शिष्यवृत्ती एकाच आवारात मिळतात. ओहायो स्टेट विद्यापीठाचा आर्ची ग्रिफिन १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधला सर्वोच्च हाइझमन करंडक जिंकला. दोनदा तो मिळवणारा आजवर तो एकटाच. व्यावसायिक मैदानावर त्याला ती उंची गाठता आली नाही, तरी पुढे त्याच विद्यापीठात त्याने मानाची पदं भूषवली. २०१९च्या जागतिक स्पर्धेत आवारेने कांस्यपदकासाठी ज्याला हरवलं तो टायलर ग्राफही विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅटवर वाढलेला. म्हणजे आपली तालीम कुस्तीत कमी पडत नाही. ती कमी पडते कुस्ती सुटल्यानंतर.

यावर कुणी म्हणेल, अमेरिकेची ती व्यवस्था निर्दय आहे. आहेच. २०२१पर्यंत तिथल्या विद्यार्थी-खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचा पैसाही घेता येत नव्हता, आणि महाविद्यालयातले शंभरात दोनही फुटबॉलपटू व्यावसायिक संघापर्यंत पोचत नाहीत. तरी मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांच्या हाती पदवी असते. आपल्याकडे पंचविशीत गुडघा गेलेल्या पोराकडे मोडलेले कान असतात आणि अर्धवट सुटलेली बारावी. सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण पदक मिळालेल्यांच्या कामाचं. पदक थोडक्यात हुकलेल्याचं काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वस्तादाची विद्या वेळापत्रकात बसत नाही. खरंय, बसवूही नये. पण पहाटेचा गजर, ठरलेली मेस, दर आठवड्याची चाचणी, घर सोडून राहिलेली शेतकऱ्याची पोरं, हे सगळं लातुरात तयारच आहे, आणि पैलवानाला तरी वेगळं काय लागतं? जोर-बैठकांची जागा, मॅट, खुराक आणि सन्मानाने बोलावलेला एक वस्ताद. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे येतात. माळेगावच्या यात्रेत शड्डू ठोकणारी पोरं याच टापूतली. विद्यापीठाने आणि दोन-तीन संपन्न संस्थांनी मनावर घेतलं, तर सुरुवातीला एवढं पुरे.

७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचे पठ्ठे. सदगीर ३-२ने जिंकला आणि हरलेल्या मित्राला खांद्यावर घेऊन मैदानात फिरला. त्या खांद्यावरचा पैलवान लातूरचा होता. त्याची तालीम लातूरपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर होती.