दिवाणखान्यातील पाम

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत नव्या बिऱ्हाडांतून हल्ली एक पाहुणा हटकून आमच्या दृष्टीस पडतो. तो म्हणजे कोचाशेजारी कुंडीत उभा असलेला ‘अरेका पाम’. ‘अरेका’ हे नाव वस्तुतः आपल्या पोफळीचे. कानडी ‘अडिके’ व मल्याळी ‘अडक्का’ यांच्या कुळातील हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला आणि सुपारीचे शास्त्रीय नाव होऊन परत आला. कुंडीतील झाड मात्र मूळचे मादागास्कर बेटावरचे. पोफळीशी त्याचे नाते लांबच्या चुलतभावाचे, आणि पूजेची सुपारी त्याला कधीच धरावयाची नाही. ज्यांच्या आजोळी पोफळीची वाडी होती, त्यांनी तरी या नावास भुलू नये.

दुसरा भ्रम अधिक महागात पडणारा आहे. हा पाम घरातील हवा शुद्ध करतो असे सांगून तो विकला जातो. आणि औद्योगिक वसाहतीच्या उग्र दर्पाचा अनुभव असलेल्या डोंबिवलीसारख्या गावी एखाद्या दमेकरी मुलाची आई ते वचन मनावर घेते, यात नवल नाही. या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. मनुष्याच्या घरास दारे-खिडक्या असतात. पुढे २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा असे निघाले की, इमारतीत एरवी होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटर जागेस १० पासून १००० पर्यंत झाडे लागतील. म्हणजे ९ चौरस मीटरांच्या खोलीत निदान ९० कुंड्या! मग माणसांनी बसावे कोठे? मुलाच्या दम्याची चिंता डॉक्टरांवर सोपवावी. पाम ठेवावा तो डोळ्यांच्या सुखासाठी, आणि ते सुख आमच्या मते थोडे नव्हे.

त्याची मुख्य गरज उजेडाची. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला पाम काही महिने जुन्या शिदोरीवर तगतो, व मग झिजू लागतो. घरच्या मंडळींस वाटते, पाणी कमी पडले. ती आणखी पाणी घालतात, आणि मुळे कुजून झाड मरते. खिडकीपासून दोन-चार हातांवर, परंतु दुपारचे कडक ऊन चुकवून कुंडी ठेवावी. मातीत बोट खुपसून वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. पानांची टोके करपली तर तेवढीच कातरावीत. शेंडा मात्र कदापि छाटू नये. जास्वंदीचा शेंडा छाटला तर बगलेतून फांद्या फुटतात. या पामच्या प्रत्येक खोडास वाढीचा कोंब एकच. तो गेला की ते खोड संपले.

आता कुंडीखालची बशी. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साचलेल्या पाण्याच्या काठास अंडी घालतो, व उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. नुसते पाणी ओतून भागत नाही. काठास चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जीव धरून राहतात. सबब बशी आठवड्यातून एकदा घासूनच काढावी. आणि हे काम मोलकरणीच्या गळ्यात न मारता, ज्यांनी पाम हौसेने आणला त्यांनीच ते करावे.