पासिंगला नेण्यापूर्वी

शिरूर तालुक्यातल्या इनामगावसारख्या गावात घरची पहिली चारचाकी बहुधा जुनीच घेतली जाते. रंग, सीट, एसी बारकाईने पाहिले जातात. गाडीखाली वाकून मात्र क्वचितच कुणी पाहतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली, तरच नोंदणी ५ वर्षांनी वाढते.

गाडी अडते ती ठरलेल्या जागी. ब्रेक दाबताच एका बाजूला ओढ घेते. हेडलाइटची काच पिवळी पडून उजेड मंदावतो. स्टिअरिंगमध्ये ‘प्ले’ म्हणजे ढिलेपणा येतो, बॉल जॉइंट खडखडतात. सायलेन्सर गंजून फुटतो. धुळीने एअर फिल्टर चोंदला की धूर वाढतो आणि पीयूसी अडते.

टायर तर घरीच तपासता येतो. खाचेत बोट फिरवा, तळाशी आडवा उंचवटा लागेल. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली. कारसाठी कायद्याची किमान मर्यादा तेवढीच आहे. ओल्या रस्त्यावर असा टायर पाणी बाहेर फेकू शकत नाही, गाडी घसरते.

म्हणून व्यवहाराआधी ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी. आरसी, विमा आणि पीयूसीच्या तारखाही तेव्हाच पाहाव्यात.