घरची बोली आणि सवंगड्यांची बोली

इंग्रजी ही एकच भाषा. पण तिची रूपे अनेक आहेत. मोटारीच्या इंजिनावरील झाकणाला इंग्लंडमध्ये 'बॉनेट' म्हणतात, अमेरिकेत त्यालाच 'हूड' म्हणतात. इंग्लंडमधील माणूस 'लिफ्ट'ने वर जातो, तर अमेरिकेतील माणूस 'एलिव्हेटर'ने. उच्चारांतही असाच भेद आहे. 'कार' या शब्दातील शेवटचा र स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत स्पष्ट ऐकू येतो. दक्षिण इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात तो लोप पावतो. मग आईवडील एका प्रदेशाची बोली बोलत असतील आणि दाराबाहेर दुसरी बोली चालत असेल, तर त्या घरातील मूल कोणती बोली उचलते? आणि वेगळ्या वळणाचे बोलणे त्याला समजते तरी कसे?

याचे उत्तर शोधू लागले, की प्रथम तान्ह्या मुलाच्या कानाकडे वळावे लागते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील त आणि ट हे ध्वनी ऐकविले होते. 'ताक' आणि 'टाक' यांतील फरक मराठी मुलाला सांगावा लागत नाही. इंग्रजीत मात्र असा भेद नाही. तरीही ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक मुलांना तो कळला. १० ते १२ महिन्यांच्या मुलांपैकी फार थोड्यांना तो ओळखता आला. म्हणजे पहिले वर्ष संपत येते तो मुलाचा कान घरच्या भाषेला सरावतो, आणि त्या भाषेला न लागणाऱ्या भेदांकडे दुर्लक्ष करू लागतो.

हा सराव उपयोगाचा खरा. पण त्यामुळे अनोळखी धाटणीच्या बोलण्यापुढे मूल काही काळ अडखळते. कॅथरीन बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील लहान मुलांना त्यांनी नित्य परिचयाचे आणि क्वचितच कानी पडणारे असे दोन प्रकारचे शब्द ऐकविले. ते एकदा अमेरिकी धाटणीने व एकदा जमैका बेटावरील इंग्रजीच्या धाटणीने उच्चारलेले होते. मूल परिचित शब्द अधिक वेळ ऐकत राहिले, तर ते त्याने ओळखले असे समजता येते. १५ महिन्यांच्या मुलांनी असे शब्द केवळ अमेरिकी उच्चारांत ओळखले. १९ महिन्यांच्या मुलांनी ते दोन्ही प्रकारे ओळखले. पोशाख बदलला तरी माणूस तोच असतो. तसाच उच्चार बदलला तरी शब्द तोच राहतो, हे ज्ञान त्या चार महिन्यांत मुलांना होऊ लागले होते.

ही झाली ऐकण्याची गोष्ट. बोलण्याची गोष्ट इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या गावी दिसून आली. लंडनच्या वायव्येस हे नवे नगर वसविण्याचे १९६७ साली ठरले, आणि ठिकठिकाणची कुटुंबे तेथे येऊन राहिली. पुढे पॉल केर्स्विल आणि ॲन विल्यम्स या भाषाभ्यासकांनी तेथील ४, ८ आणि १२ वर्षांची मुले व त्यांचे पालक यांच्या बोलण्याचा अभ्यास केला. ४ वर्षांच्या मुलांचे उच्चार पुष्कळसे पालकांच्या उच्चारांशी जुळत होते. मोठ्या मुलांचे उच्चार मात्र पालकांपेक्षा एकमेकांशी अधिक जुळत होते. शाळा आणि क्रीडांगण यांनी त्यांच्या जिभेला नवे वळण दिले होते. पालकांचे तसे झाले नव्हते. मोठ्या माणसांचा कान नव्या बोलीला लवकर रुळतो. नवे शब्दही त्यांच्या तोंडी बसतात. पण लहानपणी जडलेले उच्चार सहसा सुटत नाहीत.

अशा घरात एक नाजूक प्रसंग उद्भवतो. मुलाला आईवडिलांचे उच्चार विचित्र वाटू लागतात. सवंगड्यांसमोर ते बोलले, की त्याला संकोच वाटतो. कोणी हसले, तर तोही त्या हसण्यात सामील होतो. परंतु हसण्याजोगे त्यात काही नसते. दक्षिण इंग्लंडमधील माणूस 'कार'मधील र गाळतो, तो आळसाने नव्हे. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, तर तोच र त्याच्या तोंडी परत येतो. म्हणजे र गाळण्यालाही नियम आहे, आणि तो पाळण्यालाही. प्रत्येक बोलीला असे आपले नियम असतात. ते ठाऊक नसणाऱ्याला ती अशुद्ध वाटते, एवढेच.

कित्येक मुले पुढे दोन्ही बोली सांभाळतात. शाळेत ती सवंगड्यांसारखी बोलतात आणि घरी आल्यावर आईवडिलांच्या वळणाने बोलतात. त्यांना कोणी हे शिकविलेले नसते. ज्या बोलीने त्यांच्या कानाला शब्द ओळखण्याची पहिली सवय लावली, ती बोली घरचीच होती. सवंगड्यांची बोली अवश्य शिकावी. मात्र त्यासाठी घरच्या बोलीची लाज बाळगण्याचे कारण नाही.